शीख परंपरेतील ‘संत-सिपाही’ म्हणजे कोण?

अकोल्याहून वाशिम, हिंगोली, पूर्णा या मार्गाने नांदेडकडे जाणाऱ्या गाडीत निळा किंवा केशरी फेटा बांधलेले, कमरेला कृपाण असलेले शीख यात्रेकरू आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली नांदेड येथे देह ठेवला. त्या स्थानावरील सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनासाठी ही मंडळी दूरदूरहून येतात. ‘देवदर्शनाला जाताना शस्त्र कशासाठी?’ असा प्रश्न धर्मग्रामातील तरुणांनी आम्हांला एकापेक्षा अधिक वेळा विचारला आहे.

हा प्रश्न आपल्याला का पडतो, हे प्रथम पाहू. संत इग्नेशियस लोयोला यांनी १५२२ साली मोन्सेरात येथे पवित्र मरियेच्या वेदीपाशी आपली तलवार अर्पण केली आणि सैनिकाचा वेश कायमचा उतरवला. संतत्वाची वाट तलवार खाली ठेवून सुरू होते, हे चित्र आपल्या मनात पक्के बसले आहे. शीख परंपरेने मात्र एकाच माणसात दोघांना वसवले. त्यांचा शब्द आहे ‘संत-सिपाही’, आणि या जोडशब्दात संत आधी येतो.

ही जोडणी दुःखातून घडली. पाचवे गुरू अर्जुनदेव यांना १६०६ साली जहांगीर बादशहाच्या काळात लाहोर येथे हाल करून ठार मारण्यात आले. त्यांचे पुत्र व सहावे गुरू हरगोविंद यांनी दोन तलवारी धारण केल्या. एक पीरीची, म्हणजे आध्यात्मिक अधिकाराची. दुसरी मीरीची, म्हणजे लौकिक जबाबदारीची. पुढे १६७५ साली नववे गुरू तेगबहादूर यांचा दिल्लीत शिरच्छेद झाला. काश्मिरी पंडितांवर धर्मांतराची सक्ती होत होती आणि त्यांच्या बाजूने गुरू उभे राहिले, असे शीख परंपरा सांगते. येथे आम्ही वाचकांना क्षणभर थांबावयास सांगू. जानवे घालण्याचा विधी गुरू नानकांनी स्वतः नाकारला होता. त्यांच्याच गादीवरील नवव्या गुरूने इतरांचा जानवे घालण्याचा हक्क राखण्यासाठी प्राण दिला, आणि तोही हाती शस्त्र न घेता. परक्याच्या श्रद्धेसाठी मरणारा हा पुरुष शिखांच्या दृष्टीने योद्धाच आहे. अल्पसंख्य समाज म्हणून जगणाऱ्या आपल्यासारख्यांना यातील मोल अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यांचे पुत्र गोविंदराय यांनी १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे खालसा पंथ स्थापन केला. शिर देण्यास पुढे आलेल्या पाच जणांत, परंपरेनुसार, एक पाणी वाहणारा, एक न्हावी व एक छिंबा, म्हणजे आपल्याकडील शिंपी, असे होते. न्हावी साहिबचंद तर नांदेडपासून फार दूर नसलेल्या बिदरचा. शस्त्र धारण करण्याचा मान ज्यांना समाजाने कधीच दिला नव्हता, त्यांच्या हाती गुरूने तो दिला आणि मग त्यांच्याच हातून स्वतः अमृत घेतले. स्त्रियाही यातून वगळल्या गेल्या नाहीत. संकटात गुरूंना सोडून गेलेल्या चाळीस शिखांना माई भागो यांनी परत आणले आणि १७०५ च्या मुक्तसरच्या लढाईत त्या स्वतः लढल्या. पुढे त्या गुरूंसोबत नांदेडला आल्या. हजूर साहिबच्या परिसरात त्यांचे स्थान आजही दाखवतात.

मग तलवार केव्हा उचलावी? याच सुमारास गुरूंनी औरंगजेबाला ‘जफरनामा’ हे फारसी काव्यपत्र पाठवले. आपल्या घरातील चारही मुले गमावलेल्या पित्याचे हे पत्र आहे. इतर सर्व उपाय थकल्यावरच शस्त्र न्याय्य ठरते, अशी त्याची भूमिका. आणि त्यातील खरा राग बादशहाने मोडलेल्या शपथेवर आहे. योद्धा शब्दाचा पक्का असला पाहिजे, हा त्यामागील आग्रह आम्हांला विशेष वाटतो.

रणांगणावरचीही एक कथा शीख घरांत सांगितली जाते. आनंदपूरच्या लढाईत भाई कन्हैया जखमी शत्रूलाही पाणी पाजतात, अशी तक्रार गुरूंकडे गेली. भाईंनी उत्तर दिले की आपल्याला शत्रू-मित्र दिसतच नाहीत, सर्वांत गुरूच दिसतात. गुरूंनी त्यांना शिक्षा केली नाही. पाण्याबरोबर जखमांना लावायला मलमही दिले. काम, क्रोध, लोभ, मोह, अहंकार हे पाच वैरी शीख उपदेशात बाहेरच्या वैऱ्याआधी मोजले जातात, त्याचे कारण या कथेत आहे. क्रोधाने उगारलेली कृपाण ही त्यांच्या लेखी पराभवच होय.

हे तत्त्व नेहमी पाळले गेले, असे म्हणणे खरे होणार नाही. पंजाबात १९८० च्या दशकात याच शौर्याच्या भाषेत निरपराधांचे बळी घेतले गेले, आणि १९८४ साली दिल्लीत निरपराध शीखही मारले गेले. दोन्ही जखमा त्या समाजाला ठाऊक आहेत. आपल्या संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने कृपाण बाळगणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला आहे. पण ती म्यानातून केव्हा निघू नये, हे मात्र ज्याचे त्याने शिकायचे असते.

आज हा योद्धा कोठे भेटतो? आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळील करंजी येथे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पत्र्याच्या शेडमधील एक लंगर आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, ढाबे व हॉटेले बंद झाली आणि मजूर लेकरेबाळे घेऊन, उन्हातून, याच रस्त्याने उत्तरेकडे चालू लागले. त्या वेळी तेथे वयाची ऐंशी ओलांडलेले बाबा कर्नेलसिंग खैरा अन्नछत्र चालवत होते. लोक त्यांना खैरा बाबाजी म्हणत. चूल विझू दिली नाही. चहा, डाळ, भात, भाजी येईल त्याला मिळत गेले. सुमारे दहा आठवड्यांत २० लाखांच्या आसपास लोकांना तेथे अन्न मिळाले, असे तेव्हाच्या वृत्तांत म्हटले होते. संसर्गाच्या भयाने शेजारी शेजाऱ्याला दार उघडत नव्हता, त्या दिवसांतील ही गोष्ट आहे.

नागपूर-हैदराबाद रस्त्याने जाणे झाल्यास वाचकांनी करंजीला अवश्य थांबावे. डोके झाकून, पादत्राणे बाहेर ठेवून पंगतीत बसावे. धर्म कोणता, असे तेथे कोणी विचारत नाही.