पहारेकरी घरावरच उलटतात तेव्हा

रक्तातील पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी, हे तुम्ही शिकला आहात. हे पहारेकरी घरच्यांवरच धावून का जात नाहीत? त्यांना आवरणाऱ्या खास पेशी असतात म्हणून. जपानचे शिमोन साकागुची यांनी त्या १९९५ साली ओळखल्या. त्या घडविणारे जनुक, ‘फॉक्स-पी-३’, अमेरिकेत मेरी ब्रंकॉ व फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये शोधले. या तिघांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे जनुक क्ष गुणसूत्रावर असते. मुलग्याला हे गुणसूत्र एकच, आईकडून मिळते; जनुक बिघडलेले निघाले तर दुसरी प्रत नाही. मग ‘आयपेक्स’ हा अतिदुर्मिळ आनुवंशिक रोग होतो.

समजा, मावळात पवनेकाठच्या एखाद्या वाडीत असे बाळ जन्मले. न थांबणारे जुलाब, अंगभर इसब आणि थोड्याच आठवड्यांत चक्क मधुमेह! पोटाला एक डॉक्टर, त्वचेला दुसरा, साखरेला तिसरा. प्रत्येकाचे औषध आपल्या जागी बरोबर, तरी बाळ खंगतच जाते. तिघांचे कागद एकत्र वाचले, तरच मूळ एक असल्याची शंका येते. वेळ थोडा असतो. उपचाराविना बहुतेक बाळे लहानपणीच दगावतात.

वडगाव-तळेगावच्या डॉक्टरांना रोगाचे नाव सांगता आलेच पाहिजे असे नाही. शंका आली तरी पुष्कळ झाले. पुढे घाट उतरायचा. लोणावळ्याहून रेल्वेने सुमारे सव्वाशे किलोमीटरवर मुंबई. तेथे परळला, के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था आहे. रोगप्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषांची तपासणी तेथे होते.

खरी गुंतागुंत निदानानंतर सुरू होते. स्टेरॉईडने पहारेकरी आवरतात, आतडे सावरते. पण रक्तातील साखर चढते. लगेच इन्सुलिनची मात्रा बदलावी लागते. ती बदलली की आहारतज्ज्ञाला बाळाच्या दुधाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. या मंडळींनी एकमेकांशी न बोलता औषधे दिली, तर एकाचा उपचार दुसऱ्याची डोकेदुखी! मुळावरचा उपाय म्हणजे अस्थिमज्जारोपण. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक, आणि त्या भावंडातही तोच दोष नाही ना, हे आनुवंशिकीतज्ज्ञाने आधी पाहायचे.

या चमूतला एक गडी मात्र वाडीतच असतो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना जिवंत विषाणूंची लस धोक्याची ठरू शकते, आणि पोलिओचे थेंब त्याच जातीचे. म्हणून पल्स पोलिओच्या रविवारी दारोदार जाणाऱ्या आशाताईंच्या वहीत या बाळाच्या नावापुढे खूण हवी: ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब देऊ नयेत.’