खोकल्याची गोळी: किती, कुणी आणि किती दिवस?

भात कापणीला आलं की भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत खोकल्याचे दिवस सुरू होतात. पावसाळ्याची ओल भिंतींतून गेलेली नसते, पहाटे गारठा पडू लागतो आणि खळ्यावर भात झोडताना उडणारी बारीक धूस थेट घशात जाते. उन्हाळ्यात राब भाजायला घेतले की शेण, पालापाचोळा आणि कवळाच्या धुराने शिवार भरतं. घरात चूल असतेच. दिवस कसाबसा निघतो, पण रात्री अंग टेकलं की ढास लागते. बेडका पडत नाही, उबळ थांबत नाही. मग कुणीतरी दुकानातून खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी आणतं. पेपरमिंटसारखी चव लागते म्हणून ती घरात सगळ्यांच्या हाती जाते, लहान मुलांच्याही.

इथेच थांबून पट्टी उलटी करून वाचायला हवी. चघळायच्या गोळ्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांत दोन जाती आहेत. पहिलीत पुदिन्याचा अर्क म्हणजे मेन्थॉल, निलगिरी, आलं, ज्येष्ठमध किंवा सौम्य जंतुनाशक असतं. ती चघळताना लाळ सुटते, घसा ओला राहतो, खवखव कमी होते. दुसरीच्या पाठीवर ‘डेक्स्ट्रोमेथॉर्फन’ असं नाव असतं, पुढे बहुधा ५ मिलीग्रॅम. हे औषध घशावर नाही, मेंदूवर काम करतं. खोकल्याची उबळ जिथून सुटते ते मेंदूतलं केंद्र ते शांत करतं. खोकला ज्या कारणाने आला ते कारण मात्र जागच्या जागी राहतं.

कोरड्या खोकल्याने झोप उडाली असेल तर दोन-चार दिवस या गोळीचा आधार घ्यायला हरकत नाही. छातीत कफ असेल तर तो बाहेर पडायलाच हवा. अशा वेळी खोकला दाबणारं औषध घेऊ नये. दमा किंवा जुना ब्रॉन्कायटिस असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी तोंडात टाकू नये.

किती घ्यायची, हे पट्टीवर लिहिलेलं असतं आणि तेच पाळायचं. डेक्स्ट्रोमेथॉर्फन प्रौढ माणसाच्या पोटात दिवसभरात सगळं मिळून १२० मिलीग्रॅमच्या वर जाऊ नये. ‘सगळं मिळून’ हे महत्त्वाचं. खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये आणि सर्दीच्या गोळ्यांतही हेच औषध असतं. दिवसभर गोळ्या आणि झोपताना दोन झाकणं सिरप, असं केलं की मात्रा नकळत वाढते. मग गरगरतं, मळमळतं, गुंगी येते. फारच जास्त झालं तर माणूस भ्रमिष्टासारखं वागू लागतो. गोळी सावकाश विरघळू द्यावी, कडाकडा चावू नये आणि तोंडात ठेवून झोपू नये, घशात अडकते. ही गोळी घेतलेल्या रात्री दारू नको. डोकं जड वाटत असेल तर वरंध किंवा पाबे घाटातून दुचाकी काढू नये. साध्या गोळ्यांत साखर असते, हे मधुमेह असलेल्यांनी लक्षात ठेवावं.

इतर औषधांशीही या गोळीचं वैर होऊ शकतं. नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर दोन्ही मिळून शरीरात सेरोटोनिन धोकादायक वाढू शकतं: थरथर, घाम, ताप, छातीत धडधड. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर दिलं जाणारं लिनेझोलिडही याच यादीत येतं. म्हणून दुकानात सांगताना ‘खोकल्याची गोळी द्या’ एवढ्यावर थांबू नका. आधीच्या औषधांची चिठ्ठी दाखवा.

मुलांच्या बाबतीत जास्तच सांभाळायला हवं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपने लहान मुलांचे जीव गेले. त्यातल्या काहींवर नागपुरात उपचार चालू होते. दोष त्या सिरपमधल्या भेसळीचा होता. पण त्याच वेळी केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा नकोत. चघळायची गोळी तर लहान मुलाच्या श्वासनळीतच अडकू शकते. एक वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध चालतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही द्यायचा नाही.

वाड्या-वस्त्यांवर ही काळजी घरच्यांनीच घ्यावी लागते. हजारपर्यंत वस्तीच्या गावात काही साधी घरगुती औषधं परवान्याशिवाय विकायला औषध नियमांत मुभा आहे आणि खोकल्याच्या गोळ्या त्यात येतात. चिठ्ठीवरच द्यायची औषधं त्यात बसत नाहीत. मे २०२२ मध्ये केंद्राने चिठ्ठीविना विकता येतील अशा १६ औषधांचा मसुदा काढला. त्यात ५ मिलीग्रॅम डेक्स्ट्रोमेथॉर्फनची गोळी होती, आणि अट होती पाच दिवसांहून जास्त दिवसांचं औषध न देण्याची. तो आकडा घरातही पाळावा. पाच दिवसांत उतार नाही, तर गोळी बदलू नका, डॉक्टर गाठा.

कारण खोकल्याच्या मागे काय असेल, ते पट्टी सांगत नाही. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल घेणाऱ्या काहींना त्या गोळीनेच महिनोन्‌महिने कोरडा खोकला येतो. ती परस्पर बंद करू नये. डॉक्टर दुसरी देतात. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईची ढास हा फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा, म्हणजे सीओपीडीचा, इशारा असू शकतो. विडी कधी न ओढलेल्यांनाही सीओपीडी होतो आणि त्यात चुलीच्या धुराचा मोठा वाटा असतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. ‘तिला धुराची सवय आहे’ असं म्हणून त्या खोकल्याकडे पाठ फिरवणं अन्यायाचं आहे.

आणि टीबी. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला, मग तो कोरडा असो की कफाचा, टीबीसाठी तपासायलाच हवा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि उपचार दोन्ही मोफत आहेत. खोकला गोळ्यांनी दबला की पेशंट तपासणी पुढे ढकलतो, आणि तेवढे दिवस घरातली मुलं-माणसं त्याच हवेत श्वास घेत राहतात.

खोकल्यातून रक्त पडलं, धाप लागली, छातीत दुखलं, रात्री घाम सुटू लागला किंवा वजन उतरू लागलं, तर दोन आठवडेही थांबू नका. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा भोरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. एसटी चुकली तर गावातल्या आशाताईंना सांगा, त्या वाट दाखवतील. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा खोकला किती दिवसांचा आहे, हे आज रात्री जेवताना विचारा. उत्तर दोन आठवड्यांपुढचं असेल, तर उद्याच त्यांना दवाखान्यात घेऊन जा.