अन्नछत्र, निवासी शाळा आणि ग्रंथालय

दिवसाची शाळा आणि निवासी शाळा यांतील खरा भेद वर्गात दिसत नाही; तो शाळा सुटल्यानंतर दिसतो. घरी परतणाऱ्या मुलाची संध्याकाळ त्याच्या घराची असते. आजीची गोष्ट, देवळातील कीर्तन, शेजारी वाचली जाणारी पोथी हे सारे त्याला न मागता लाभते. वसतिगृहातील मुलाची संध्याकाळ मात्र संस्थेच्या स्वाधीन असते. उठणे, जेवणे, अभ्यासाला बसणे आणि झोपणे या सर्व गोष्टी घंटेबरहुकूम चालतात. अशा दिनक्रमात त्याने आपल्या इच्छेने निवडलेली वस्तू बहुधा एकच असू शकते, ती म्हणजे हाती घेतलेले पुस्तक. म्हणूनच निवासी शाळेतील ग्रंथालयाकडे वर्गाचे परिशिष्ट म्हणून पाहणे योग्य नव्हे. घरात जे संस्कार सहज घडतात, त्यांची उणीव काही अंशी त्याने भरून काढावयाची असते.

या दृष्टीने तंजावरच्या मराठी राज्याचा इतिहास मननीय आहे. तेथे सुमारे दोनशे वर्षांपूर्वी निवासी शिक्षण आणि ग्रंथसंग्रह ही दोन्ही कार्ये एकाच राजाने हाती घेतली होती. हा राजा म्हणजे सरफोजी दुसरे. त्यांचा जन्म १७७७ मध्ये झाला. तुळजाजी राजांनी त्यांना दत्तक घेतले आणि १७८७ मध्ये तुळजाजींचा मृत्यू झाला. त्यानंतर श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाने या मुलाचा सांभाळ व शिक्षण यांकडे लक्ष पुरविले. गादीचा वाद विकोपाला गेल्यावर सरफोजींना मद्रासला हलविण्यात आले आणि तेथे त्यांचे पुढील शिक्षण झाले. घरापासून दूर, परक्यांच्या देखरेखीखाली शिकणे म्हणजे काय, याचा अनुभव त्यांना स्वतःला होता. १७९८ मध्ये ते गादीवर बसले. परंतु १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला, ठरावीक नेमणूक आणि मानमरातब एवढेच उरले. उरलेले आयुष्य त्यांनी मुख्यतः विद्येच्या कार्यात वेचले.

तंजावर प्रांतात रामेश्वरच्या यात्रामार्गावर राजघराण्याने अनेक छत्रे बांधली होती. छत्र म्हणजे प्रवाशांना निवारा व अन्न देणारी धर्मशाळा. मराठी वाचकाला अन्नछत्र हा शब्द परिचित आहेच. ही छत्रे आपल्याच हाती राहावीत, अशी विनंती सरफोजींनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहून केली. त्या पत्रात छत्रांच्या कार्याचे जे वर्णन आहे, ते केवळ अन्नदानाचे नाही. छत्रांत शिक्षक नेमलेले असत. यात्रेत पोरकी झालेली मुले शिक्षकाच्या स्वाधीन केली जात. त्यांना तीन वेळा जेवण, अंगाला तेल, आजारात औषध आणि नेसावयास वस्त्र मिळे. ज्या विद्येकडे मुलाचा ओढा असेल ती त्याला शिकविली जाई आणि शिक्षण पुरे झाल्यावर त्याच्या लग्नाचा खर्चही छत्रातून होई. पुढच्याच वर्षी, १८०२ मध्ये, सरफोजींनी तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ हिच्या नावाने मोठे छत्र उभारले व तेथेही शाळा चालविली.

दुसरे कार्य ग्रंथसंग्रहाचे. तंजावरच्या राजवाड्यातील ग्रंथभांडाराचा आरंभ नायक राजांच्या काळात झाला. परंतु आज ज्याला सरस्वती महाल म्हणतात, त्या ग्रंथालयाची भरभराट सरफोजींमुळे झाली. पंडितांकरवी त्यांनी दूरदूरच्या पोथ्या मिळविल्या किंवा त्यांच्या नकला करवून घेतल्या. १८२० ते १८२२ या काळातील काशीयात्रेतही हे काम चालूच होते. युरोपीय भाषांतील चार हजारांहून अधिक मुद्रित ग्रंथ त्यांनी जमविले आणि त्यांतील अनेकांवर स्वतःची इंग्रजी स्वाक्षरी केली. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांचा एवढा मोठा संग्रह त्या काळी भारतात क्वचितच दुसरीकडे असेल.

येथे एक प्रश्न उभा राहतो. राजवाड्यातील पोथी छत्रातील मुलाच्या उपयोगी कशी पडावी? पोथीची प्रत बहुधा एकच असते. ताडपत्रावर कोरलेली अक्षरे काजळी चोळल्यावरच स्पष्ट दिसतात, आणि लिपीही जाणकाराखेरीज इतरांना उलगडत नाही. असे धन जपून ठेवावे लागते. ते दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या हाती सोपविता येत नाही. भांडार आणि विद्यार्थी यांच्यामध्ये भाषांतर व मुद्रण हे दोन पूल लागतात.

सरफोजींनी दोन्ही पूल बांधण्यास आरंभ केला. १८०५ च्या सुमारास तंजावरला देवनागरी टाइपांचा छापखाना सुरू झाला. तेथे १८०६ मध्ये इसापच्या कथांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी भाषांतर छापले गेले. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ प्रसिद्ध झाली ती १८२८ मध्ये. मराठी मुलांसाठी छापलेले गोष्टींचे पुस्तक महाराष्ट्राआधी तमिळ देशात तयार झाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात तर सरफोजींनी भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीच्या तोंडून पृथ्वीवरील खंडांचे व देशांचे वर्णन घातले. युरोपीय ग्रंथांतील भूगोल त्यामुळे ओळखीच्या नाट्यप्रकारातून मराठी श्रोत्यांपर्यंत पोहोचू शकला.

त्याच सुमारास मद्रासमधील एक प्रयोग जगभर गाजत होता. तेथील मुलांच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल यांनी मोठ्या मुलांकडून लहानांना शिकविण्याची आणि वाळूवर अक्षरे गिरविण्याची पद्धत रूढ केली व १७९७ मध्ये तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ही पद्धत स्वस्त होती. अक्षरओळख झपाट्याने होई. परंतु वाळूवरचा धडा पुसला की मुलाजवळ काही उरत नसे. साक्षर झालेल्या मुलाने रात्री वाचावे काय, या प्रश्नाचे उत्तर वाळूत नव्हते; ते तंजावरच्या छापखान्यात होते.

हे उत्तर पुरतेपणी अमलात आले नाही. सरफोजींचा मृत्यू १८३२ मध्ये झाला. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुत्रहीन वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. ग्रंथ राजवाड्यात राहिले. बर्नेल यांनी संस्कृत हस्तलिखितांची सूची करून ती १८८० मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा युरोपातील विद्वानांना या संग्रहाचे मोल कळले. सामान्य वाचकाला ग्रंथालय खुले झाले ते मात्र १९१८ मध्ये. पोरक्या मुलांना पोटभर अन्न देण्याची बुद्धी आणि अमोल ग्रंथ जमविण्याची बुद्धी एकाच माणसाजवळ होती. तरीही या दोहोंना जोडणारी व्यवस्था त्याच्या पश्चात टिकली नाही.

महाराष्ट्रात १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास वसतिगृह काढले, तेव्हा गरीब मुलाच्या शिक्षणाला आधी निवारा व भाकरी लागते हेच सूत्र पुन्हा समोर आले. ते सूत्र आज सर्वमान्य आहे. तंजावरचा इतिहास त्याला आणखी एक जोड देतो. निवासी शाळेत ग्रंथालय असणे पुरेसे नाही. पुस्तक मुलाला समजणाऱ्या भाषेत असावे, फाटण्याच्या भीतीने ते कुलूपबंद होऊ नये, आणि मुलाच्या मोकळ्या वेळी खोलीचे दार उघडे असावे. जेवणाची वेळ कोणतीही शाळा चुकवीत नाही. वाचनाच्या वेळेलाही तोच मान मिळाला, तर वसतिगृहातील मुलाच्या संध्याकाळी काही त्याचे स्वतःचे असेल.