वीज कंपनी, गाव आणि हक्काचा हिस्सा

कापडाच्या पेठेत नवे दुकान टाकणारा माणूस आधी शेजारच्या दुकानदारांना भेटून येतो. माल कुठे उतरवायचा, हातगाडी कुठे उभी करायची हे त्यांना विचारून ठरवतो, कारण त्याला रोज त्याच गल्लीत बसायचे असते. वीज, तेल आणि वायूच्या कंपन्यांची गोष्ट याहून कठीण आहे. दुकान उद्या दुसऱ्या बाजारात हलवता येते, पण वीजकेंद्र किंवा तेलाचा तळ एकदा उभा राहिला की पंचवीस-तीस वर्षे जागचा हलत नाही. गावाने काम अडवले तरी बँकेचे व्याज थांबत नाही. म्हणून भोवतालच्या लोकांशी सलोखा राखणे हा अशा कंपनीच्या हिशेबाचाच भाग असतो.

हा सलोखा कसा केला जातो आणि त्यात खरे काय, वरवरचे काय, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेतले पाहिजे. किनाऱ्यावरचे मच्छीमार, तालुक्याच्या गावचे वेल्डर, सुतार, गॅरेजवाले आणि किराणा दुकानदार यांच्याच दारात असे प्रकल्प येत असतात.

मदत वेगळी, हिस्सा वेगळा

कंपनी गावात आली की शाळेला खोली, दवाखान्याला रुग्णवाहिका, मुलांना वह्या अशी मदत सुरू होते. ही मदत चांगलीच आहे. मात्र ठराविक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, अशी तरतूद २०१३ च्या कंपनी कायद्यातच आहे आणि १ एप्रिल २०१४ पासून ती लागू आहे. तेव्हा ही रक्कम म्हणजे जमिनीची किंमत नव्हे आणि बुडालेल्या धंद्याची भरपाईही नव्हे. दोन्ही खाती वेगळी आहेत, ती एकत्र लिहू देऊ नयेत.

शेटलंडचा सौदा

स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड नावाची बेटे आहेत. १९७० च्या सुमारास तेथे अठरा हजारांच्या आतबाहेर वस्ती होती. मासेमारी, मेंढ्या आणि लोकरीचे विणकाम हे लोकांचे धंदे. १९७१ साली जवळच्या समुद्रात ब्रेंट तेलक्षेत्र सापडले आणि मोठमोठ्या तेल कंपन्या बेटांवर येऊन पोहोचल्या.

तेथील काउंटी कौन्सिलने विरोधाचे निशाण लावले नाही, की कंपन्यांपुढे पायघड्याही घातल्या नाहीत. कौन्सिलचे मुख्य अधिकारी इयन क्लार्क यांनी पुढाकार घेतला आणि १९७४ साली ब्रिटिश संसदेकडून खास शेटलंडसाठी कायदा मंजूर करून घेतला. बंदराचा कारभार कौन्सिलच्या हाती राहील, लागणारी जमीन कौन्सिल ताब्यात घेऊ शकेल आणि मिळालेला पैसा राखीव निधीत ठेवता येईल, असे अधिकार त्यात होते. प्रत्येक कंपनीने आपापला तळ वेगळा बांधू नये, सर्वांचा मिळून सलम वो येथे एकच तळ असावा, हाही आग्रह कौन्सिलने धरला. बेटांचा बाकीचा किनारा त्यामुळे वाचला.

याशिवाय बेटवासीयांना होणाऱ्या त्रासाबद्दल कंपन्यांनी रक्कम द्यायची, असा करार झाला. त्यासाठी १९७६ साली न्यास स्थापन झाला. या पैशातून वृद्धांची देखभाल, क्रीडा केंद्रे, पोहण्याचे तलाव अशी कामे झाली. कंपन्यांकडून येणारी ही रक्कम २००० साली बंद झाली, पण मुद्दल गुंतवून ठेवलेले असल्याने न्यासाचे काम पुढेही चालू राहिले. आलेला पैसा खाऊन न टाकता भांडवल केला, हे व्यापाऱ्याने ध्यानात घेण्यासारखे आहे.

सर्व काही सुरळीत झाले असेही नाही. नोव्हेंबर १९७८ मध्ये तेल येऊ लागले आणि ३० डिसेंबरलाच ‘एसो बर्निशिया’ हे जहाज धक्क्याला आदळून हजार टनांहून अधिक इंधन तेल पाण्यात सांडले. पक्षी आणि मेंढ्यांचे नुकसान झाले. तरीही बंदराची सूत्रे स्थानिकांच्या हाती असल्यामुळे पाण्याची व किनाऱ्याची तपासणी कडक करून घेता आली.

पावगडचे भाडे

आता आपल्या शेजारच्या कर्नाटकाकडे वळू. तुमकूर जिल्ह्यातील पावगड तालुका कायम दुष्काळी. तेथे पाच गावांच्या सुमारे १३,००० एकर जमिनीवर २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान उभे राहिले. २०१९ च्या अखेरीस ते पूर्ण झाले. येथे शेतकऱ्यांची जमीन विकत न घेता भाड्याने घेतली. एकरी वर्षाला २१,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ, असा २८ वर्षांचा करार झाला. सातबारा ज्याचा त्याच्याच नावे राहिला, म्हणावे तसे.

परंतु ज्याच्या नावे जमीन नव्हती त्याला भाडेही नव्हते. शेतमजुरांची मजुरी गेली, मेंढपाळांची चराई गेली. लोहार, सुतार, शिंपी यांनीही ही गोष्ट नीट पाहावी. शेती चालली तर त्यांचे गिऱ्हाईक चालते आणि मोबदल्याच्या यादीत त्यांचे नाव सहसा नसते.

दाभोळचा धडा

उलट उदाहरण आपल्या कोकणातच आहे. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प म्हणून जो गाजला तो गुहागर तालुक्यात अंजनवेल परिसरात आहे. डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार झाला, पण त्यातील अटी सुरुवातीला लोकांपासून झाकून ठेवल्या गेल्या. समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने मासळी जाईल, ही वेलदूरच्या मच्छीमारांची भीती होती. त्यांना समाधानकारक उत्तर मिळण्याऐवजी जून १९९७ मध्ये त्यांच्या वस्तीत पोलीस शिरले. ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी १९९९ च्या अहवालात कंपनीलाही जबाबदार धरले. मे १९९९ मध्ये सुरू झालेले केंद्र मे २००१ मध्ये बंद पडले. बंद पडण्याचे मुख्य कारण विजेचा महाग दर आणि थकलेली बिले हे होते, गावाचा विरोध नव्हे. पण कंपनी अडचणीत आली तेव्हा तिच्या बाजूने बोलायला भोवतालचे कोणी नव्हते, हेही तितकेच खरे.

आपण काय विचारावे?

आपल्या भागात असा प्रकल्प येत असेल तर जनसुनावणीला जरूर हजर राहावे आणि पुढील गोष्टी लेखी मागाव्यात.

एक, जमीन विक्रीने घेणार की भाड्याने, आणि भाडे असल्यास दरवाढ किती?

दोन, जमीन नसलेल्या मजुराला, कारागिराला, मच्छीमाराला काय मिळणार?

तीन, वाहतूक, वेल्डिंग, गणवेश, खानावळ यांची कामे स्थानिकांना देणार का, आणि बिल किती दिवसांत चुकते करणार? छोट्या माणसाचे भांडवल सहा महिने अडकले तर तो ठेका त्याला बुडवतो.

चार, पाणी व धूर यांची तपासणी कोण करणार, आणि अहवाल मराठीत गावात लावणार का?

पाच, येणारा सामाईक पैसा कोण सांभाळणार, आणि त्याचा हिशेब दरवर्षी कोणापुढे मांडणार?

शेटलंडच्या लोकांनी पहिले जहाज लागण्याच्या चार वर्षे आधी कायदा हाती घेतला होता. प्रकल्पाचे खांब उभे राहिल्यावर सौद्याची ताकद संपते. तेव्हा बोलणी आधी करावीत, एकेकट्याने न करता सर्व समाजांनी व सर्व धंद्यांनी मिळून करावीत, आणि जे ठरेल ते कागदावर घ्यावे, अशी आमची बांधवांना विनंती आहे.