फ्लाय टाइंग व्हाइस
फ्लाय टाइंग व्हाइस हे मासेमारीचा गळ घट्ट धरून ठेवणारे छोटे उपकरण आहे. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर दोऱ्याने पिसे, केस किंवा लोकर बांधून कीटकासारखे आमिष तयार करतात. हे काम करताना दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून गळ व्हाइसच्या जबड्यांत अडकवला जातो.

अमेरिकेतील थॉम्पसन कंपनीच्या ‘मॉडेल ए’ या व्हाइसमध्ये तरफ दाबताच जबडे आवळले जातात. याच रचनेच्या, भारतात बनलेल्या स्वस्त प्रतिकृती परदेशांत नवशिक्यांसाठी विकल्या जातात. स्वस्त व्हाइसचा दोष बहुधा जबड्यांत असतो. पोलाद मऊ असल्यास गळाच्या तारेने त्यावर खाचा पडतात. मग दोरा ताणताच गळ सरकतो, बांधणी सैल राहते आणि नवशिक्याला चूक आपल्या हाताची वाटते. त्यामुळे खरेदीपूर्वी ८ आणि १६ क्रमांकाचे गळ (क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो) अडकवून बोटाने दाबून पाहावेत. गळ किंचित लवला तरी चालतो, सरकता कामा नये.

फिरत्या जबड्यांची सोय सुरुवातीला आवश्यक नसते. टेबलाच्या कडेला आवळायचा स्क्रू पुरतो. कड फार जाड असल्यास मात्र वजनदार बैठकीचा व्हाइस घ्यावा लागतो.