ताबा सुटला, आणि बातमी संपली

रस्ता आणि आपण : भाग ६

अपघाताची मराठी बातमी आपल्याला तोंडपाठ आहे. भरधाव ट्रक, चालकाचा ताबा सुटला, दुचाकीला धडक, दोघे जागीच ठार, एक गंभीर. मग काळाने घाला घातला, गावावर शोककळा पसरली. शेवटी चालकाविरुद्ध गुन्हा दाखल, अधिक तपास पोलीस करीत आहेत. मागच्या भागात अपघातस्थळाचा पंचनामा कसा होतो ते पाहिलं. त्या कागदांतून बातमी तयार होताना काय काय गळून जातं, ते आज पाहू.

ही बातमी मी स्वतः कितीतरी वेळा लिहिली आहे. तालुक्याला बातमीदार होतो, डाक आवृत्ती लवकर सुटायची. संध्याकाळी अपघात झाला की ठाणे अंमलदारांना फोन करायचा. ते फिर्याद वाचून दाखवत, मी नावं, वयं, गावं उतरवून घेई आणि मजकूर पाठवून देई. फिर्यादीचं काम असतं कोणता गुन्हा कोणावर दाखल करायचा हे सांगणं, त्यामुळे तिच्यात हयगयीने वाहन चालवणारा माणूस असतो, रस्ता नसतो. एकाच मोरीजवळचे तीन अपघात मी दोन वर्षांत दिले आणि तिन्ही बातम्यांत ‘ताबा सुटून’ असं लिहिलं. जागेवर गेलो तो चौथ्या वेळी, तेही मयताच्या भावाने बळेच नेलं म्हणून. वळणावरच रस्ता अरुंद झाला होता, मोरीचा कठडा साइडपट्टीवर आला होता, त्याला ना रंग ना रिफ्लेक्टर. भाऊ म्हणाला, “साहेब, रात्री हा कठडा दिसतो तवर गाडी त्याच्यावर गेलेली असते.” तीन बातम्यांत मी त्या कठड्याबद्दल एक शब्द लिहिला नव्हता.

ताबा सुटणं हे अपघाताचं वर्णन झालं, कारण नव्हे. तो का सुटला, हा पुढचा प्रश्न आपण विचारत नाही. ‘ब्रेक फेल’चंही तेच. पुण्याच्या नवले पुलाचं उदाहरण घेऊ. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका मालवाहू ट्रकने एकापाठोपाठ एक डझनावारी वाहनांना ठोकरलं. ब्रेक निकामी झाल्याचं सगळीकडे छापून आलं. नंतरच्या तपासणीत वेगळंच पुढे आलं. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवलं होतं.

नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचावं म्हणून अवजड वाहनांचे काही चालक अशा ठिकाणी गाडी न्यूट्रलला टाकतात किंवा इंजिनच बंद करतात. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद पडलं की नवी हवा भरत नाही आणि ब्रेक दाबावा तसा टाकीतला दाब उतरत जातो. न्यूट्रलमध्ये इंजिनाची ओढही राहत नाही, सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो, ते तापतात आणि तापले की धरत नाहीत. म्हणजे ब्रेक खरोखरच लागत नाहीत, पण त्याच्या मागे उतार आहे, डिझेलचा हिशेब आहे, आणि उताराच्या पायथ्याशी खोळंबलेली शहराची वाहतूक आहे. यांतली एकेक गोष्ट स्वतंत्र बातमीची आहे. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच पट्ट्यात पुन्हा एका कंटेनरने वाहनांना धडक दिली, आग लागली, आठ जणांचा जीव गेला. पहिल्या दिवसाच्या बातम्यांत पुन्हा ब्रेकच होते.

४ सप्टेंबर २०२२ ला उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा पालघर जिल्ह्यातल्या चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलाकडे देशाचं लक्ष गेलं. मागच्या सीटवरच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, हे ठळकपणे छापून आलं आणि ते यायलाच हवं होतं. मात्र तीन मार्गिकांचा रस्ता त्या पुलाशी दोन मार्गिकांचा होतो आणि कठडा वाहनांच्या वाटेत येतो, हे तज्ज्ञांचं निरीक्षण चर्चेत फार टिकलं नाही. बेल्ट प्रत्येकाने लावावा असा उपदेश करता येतो. पुलाचा कठडा हलवायचा तर कोणाला तरी जाब विचारावा लागतो.

इंग्रजीत ‘अॅक्सिडेंट’ या शब्दावरच बराच वाद आहे. त्यातून योगायोगाचा, टाळता न येणाऱ्या घटनेचा भास होतो म्हणून ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००१ मध्ये तो वापरायचा नाही असं ठरवलं. आपल्या ‘अपघात’ शब्दात ती अडचण मुळात नाही. अप आणि घात, वाईट आघात, एवढंच तो सांगतो. गोची आहे ती आपल्या वाक्यरचनेत. ‘कारच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू’ या मथळ्यात कार चालवणारं कोणीच नाही. ‘काळाने घाला घातला’ म्हटलं की चालकही सुटतो, रस्ता बांधणाराही सुटतो.

शब्दांचा वाचकावर एवढा परिणाम होतो का? अमेरिकेत टारा गोडार्ड, केल्सी राल्फ आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये याचा प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच अपघाताच्या तीन बातम्या ९९९ वाचकांना वाटून दिल्या. एकीचा रोख पादचाऱ्यावर, दुसरीचा चालकावर. तिसरीत त्या भागातल्या आधीच्या अपघातांचीही माहिती होती. पहिली वाचणाऱ्यांनी पादचाऱ्याला अधिक दोष दिला. तिसरी वाचणाऱ्यांचा कल रस्ता सुधारण्याच्या उपायांकडे वाढला.

ही तिसरी बातमी आपल्याकडे सर्वांत दुर्मिळ, आणि लिहायला मुळीच अवघड नाही. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० जण दगावले, तर सरकारी व्याख्येने तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. बातमीदाराच्या कात्रणांत हा हिशेब पडलेलाच असतो, फक्त जागेप्रमाणे लावावा लागतो. ‘जखमी’ म्हणून छापलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हेही विचारायला हवं. सरकारी मोजणीत ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू अपघाती धरला जातो. आपली बातमी मात्र त्याला पहिल्या रात्रीच रुग्णालयात सोडून येते. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले ३२,८२५ पायी चालणारे होते. त्यांपैकी किती जणांच्या बातमीत तिथे पदपथ होता का, दिवा होता का, हे लिहिलं गेलं असेल?

जाब विचारायला कायद्यातही जागा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८ अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे झाली नाही आणि त्यामुळे कोणी दगावलं किंवा अपंग झालं, तर ठेकेदार, सल्लागार किंवा जबाबदार यंत्रणेला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम माणसाच्या जिवापुढे लाजिरवाणी आहे, पण रस्त्यालाही दोषी धरता येतं हे तरी तिथे लिहिलं आहे. ‘चालकाविरुद्ध गुन्हा दाखल’ या ओळीनंतर या कलमाचं काय झालं, एवढं विचारणारा बातमीदार प्रत्येक तालुक्यात हवा.

त्या मोरीची चौथी बातमी मी आधीच्या तिन्ही तारखा देऊन लिहिली. कठड्याची उंची, वळणापासूनचं अंतर आणि संबंधित खात्याच्या अभियंत्याचं म्हणणंही त्यात होतं. महिन्याभरात कठड्याला काळे-पिवळे पट्टे मारले गेले, रिफ्लेक्टर लागले, वळणाआधी फलक आला. रस्ता रुंद झाला नाही. बदली होईपर्यंत आणखी तीन वर्षं मी त्याच तालुक्यात होतो. त्या मोरीवर पुन्हा बातमी लिहायची वेळ आली नाही.

पुढच्या भागात : अपघातानंतरचा पहिला तास आणि मदतीला धावणारी माणसं.