उपकारस्तुती (मराठी ख्रिस्ती परंपरा)

उपकारस्तुती म्हणजे ईश्वराच्या कृपेचे स्मरण करून केलेली आभाराची प्रार्थना. मराठी ख्रिस्ती समाजात, विशेषतः अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात, ती भजन व कीर्तनाच्या रूपातही रुजलेली आहे.

नव्या करारातील फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात चिंता न करता आभारपूर्वक प्रार्थना करण्यास सांगितले असून, तिच्यामागोमाग बुद्धीपलीकडच्या शांतीचे आश्वासन येते. या क्रमानुसार शांती ही आभाराची पूर्वअट नव्हे. मन अस्वस्थ असतानाही आभार मानता येतात. प्रभुभोजनासाठी वापरला जाणारा मूळ ग्रीक शब्दही ‘आभार मानणे’ याच अर्थाचा आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगर येथे काम सुरू केले. पुढे राहुरी, नेवासे इत्यादी भागांत ख्रिस्ती वस्त्या उभ्या राहिल्या. येथील ख्रिस्ती झालेल्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील कुटुंबे मोठ्या संख्येने होती. धर्मांतरानंतर अनेकांना भाऊबंदांचा व गावाचा आधार गमवावा लागे. त्यामुळे एकत्र बसून केलेली प्रार्थना हाच त्यांचा नवा गोतावळा ठरला. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरे केली. परंतु परक्या चालींत मराठी शब्दांचे वजन नीट बसत नसे, आणि ओठांवर न रुळणारे गीत सांत्वन तरी कसे देणार? कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाचा देशी साचा ख्रिस्ती कथानकांसाठी वापरला. ज्ञानेश्वरी ज्या नेवाशात सांगितली गेली, त्याच प्रदेशात हे घडले, ही बाब लक्षणीय आहे.

नारायण वामन टिळक

या परंपरेला खरी वाणी दिली ती कवी नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांचे वास्तव्य दीर्घकाळ अहमदनगर व राहुरी येथे होते. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. साहजिकच त्यांच्या पदांत ख्रिस्त गुरू व माउली होऊन येतो आणि आभार हा औपचारिक शिष्टाचार न राहता भक्ताची शरणागती बनतो. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील शंभरांहून अधिक पदे त्यांची आहेत. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, हा त्यामागील हेतू होता. दोन वर्षांतच टिळकांचे निधन झाले.

ही शांती किती महाग पडली, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रावरून कळते. पतीच्या धर्मांतराने त्यांचा संसार काही वर्षे दुभंगला होता. पुढे त्या अहमदनगरास पतीकडे आल्या, तरी त्यांनी लगेच धर्म बदलला नाही. सोवळ्याओवळ्याचे संस्कार हळूहळू गळत गेले आणि मगच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्लेगच्या साथीत त्यांनी रुग्णांची शुश्रूषाही केली. हा सारा प्रवास त्या विनोदाने व तक्रारीचा सूर न लावता सांगतात.

आजची प्रथा

भक्तीच्या सभेत, नामकरण, विवाह, गृहप्रवेश किंवा आजारातून बरे झाल्यावर घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली जाते. शेजारीपाजारी जमतात, शास्त्रवाचन होते आणि पेटी, तबला व टाळांच्या साथीने भजने म्हटली जातात. कापणीच्या सणाला शेतकरी कुटुंबे धान्य, भाजीपाला व फळे मंदिरात आणून अर्पण करतात.